ब्लेझरच्या खिशातली चिठ्ठी

गोष्ट फार जुनी नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी, सकाळी आठ वाजता, जुन्या बाजारात ताडपत्रीवर कपड्यांचा ढीग पडला होता. सगळ्यात वर पितळी बटणांचा निळा ब्लेझर होता.

"ब्लेझरराव, आज तुमचं नशीब उघडणार!" शेजारचा रेघांचा टाय म्हणाला.

"गप रे! आपण विकायला आलोच कसे?" ब्लेझर भडकला.

तळातून लहानसा स्वेटर रडवेल्या आवाजात म्हणाला, "काका, शाळेतून आपण पूरग्रस्त गावाला निघालो होतो ना? तिथल्या पोरांच्या अंगावर काही नाही."

तेवढ्यात मुलाखतीसाठी स्वस्तात कोट शोधणारा प्रफुल्ल आला. ब्लेझर त्याला मापून शिवल्यासारखा बसला. खिशात चिठ्ठी निघाली: 'पूरग्रस्तांसाठी, प्रेमाने.'

"अहो, हे काय?"

"कागद फुकट, कोटाचे दोनशे," विक्रेता हसला.

प्रफुल्लने चिठ्ठी घडी करून परत खिशात ठेवली.

"अरे, विचार ना त्याला!" ब्लेझर त्याच्या अंगावरच ओरडला. पण स्वस्तातल्या कोटाने प्रफुल्लचं तोंड शिवून टाकलं होतं. स्वेटर ढिगातच राहिला.

कपड्यांचा ट्रक शाळेच्या फाटकातून गावाकडेच निघाला होता. तो बाजाराकडे कुणी वळवला, हे आजवर कुणीही सांगितलेलं नाही.