सुईणीची रिकामी खोली

फार फार जुन्या काळी डोंगरांच्या ओंजळीत एक नगर होतं. तिथे सकाळचं धुकं इतकं दाट असायचं, की माणसं आधी ऐकू यायची आणि मग दिसायची.

बातमी आली तो दिवस साधाच होता. धुकं विरलं होतं. बायका ओट्यांवर धान्य पाखडत होत्या. राजाचा मोजणीदार अंगणात आपल्या आईची गोधडी उन्हात घालत होता. आई जाऊन चार महिने झाले होते. गोधडीला अजून तिचा वास होता. ऊन लागलं की तो जाईल, हे त्याला कळत होतं. म्हणून तो गोधडी पसरत होता आणि पुन्हा तिची घडी करत होता.

तेवढ्यात वळणावर दवंडी ऐकू आली.

"ऐका हो ऐका! जो भाड्याच्या घरात राहतो, आणि ज्याच्या घरात एखादी खोली रिकामी आहे, त्याचा कोठारातला वाटा येत्या पौर्णिमेपासून निम्मा!"

बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या आजी-आजोबांनो, हा वाटा कसला ते आधी ऐका. त्या नगरात घरं थोड्यांची होती आणि राहणारे पुष्कळ. म्हणून एका जुन्या राजाने रीत घालून दिली होती, की भाडेकरूच्या भाड्यातलं अर्धं धान्य राजाच्या कोठारातून जावं. त्या रीतीच्या आधारावर कितीतरी चुली पेटत होत्या.

शेजारची कुंभारीण ओट्यावरून म्हणाली, "माझा नवरा घरात असून नसल्यासारखा. त्याची खोली रिकामी धरतील का हो?"

"धरू देत," आतून कुंभार म्हणाला. "मी भट्टीपाशी निजेन. तिथे ऊब तरी मिळते, आणि शिव्या मिळत नाहीत."

ओट्यांवरच्या बायका हसल्या. पण त्या दिवशी कुणाच्याच सुपातलं धान्य नीट पाखडून झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कोठाराच्या मुख्याने मोजणीदाराला बोलावलं आणि त्याच्या हातात एक लांब दोरी दिली. "घरोघर जा. प्रत्येक खोलीत विचार, काल रात्री इथे कोण निजलं? कुणी नाही म्हणाले, की एक गाठ मार. बाकी काही विचारू नकोस. बाकी विचारलं की मोजणी लांबते."

मोजणीदार आळी-आळीतून फिरला. एका खोलीत विणकराचा माग होता. मागावर कुणी निजत नाही, म्हणून गाठ. एका खोलीत नदीपार कामाला गेलेल्या मुलाचं अंथरूण गुंडाळून ठेवलं होतं. मुलगा दिवाळीला येणार होता. काल रात्री तो नव्हता, म्हणून गाठ.

सातव्या दिवशी तो शेवटच्या घरी आला. ते सुईणीचं घर होतं. तिचे केस कापसासारखे झाले होते, पण हात अजून भक्कम होते.

आतल्या खोलीत पाऊल टाकताच त्याला शेपा आणि ओव्याच्या धुरीचा वास आला. लहानशा खिडकीतून उजेडाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात धूर हळूहळू फिरत होता. खाली एक बाज होती. वरच्या तुळईला एक जाड दोर टांगलेला होता. माणसाचा हात जिथे पोचतो तिथे तो दोर घासून घासून गुळगुळीत झाला होता.

"मावशी, इथे काल रात्री कोण निजलं?"

"काल कुणी नाही."

"आणि आज?"

"ते कसं सांगू, बाळा? इथे निजणारा अजून जन्माला यायचा आहे."

मोजणीदार दोराकडे बघत राहिला. सुईण म्हणाली, "धरून बघ. कळ आली की बायका त्यालाच लोंबकळतात. या नगरातल्या निम्म्या आयांचे हात लागलेत त्याला. तुझ्या आईचेसुद्धा. तू पहिल्यांदा रडलास तो इथे. आणि काय रडलास! वरची पाल खाली पडली."

त्याला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच आलं. त्याने दोर हातात धरला. ज्या जागी तो धरला, ती जागा उबदार आहे असं त्याला वाटलं.

"तुझी आई तुला पाहून काय म्हणाली, ठाऊक आहे?" सुईणीने विचारलं.

"नाही. आई कधी बोलली नाही."

"लाजत असेल. मी सांगेन. पण आधी मला सांग, तुझ्या घरात खोल्या किती?"

"दोन."

"आई गेल्यावर दुसरीत कोण निजतं?"

मोजणीदाराने मान खाली घातली. "राजाच्या चाकरांची घरं मोजायची नाहीत, असा हुकूम आहे, मावशी."

"असेल बाबा." तिने त्याच्या गाठींच्या दोरीकडे बोट केलं. "मार तुझी गाठ. तुला काम चुकवायला सांगत नाही मी. पण वाटा निम्मा झाला तर हे घर मला झेपायचं नाही. दरबारात विचारतील, तेव्हा या खोलीत काय होतं तेवढं सांग. सांगशील ना?"

"सांगेन."

"मग सांगून ये. आलास की आईचा शब्द तुला देते."

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी राजवाड्यासमोर सभा भरली. धुकं इतकं होतं की बोलणाऱ्यांचे चेहरे दिसत नव्हते. नुसते आवाज तरंगत येत होते.

कोठाराच्या मुख्याचा आवाज आला. "महाराज, एका घरात आठ माणसं एका खोलीत दाटीने राहतात, आणि शेजारच्या घरात खोली मोकळी पडते. कोठाराने मोकळ्या भिंतींना का पोसावं? ज्यांना जागा जास्त होते त्यांनी लहान घरात जावं."

"जातो की!" हा कुंभाराचा आवाज होता. "लहान घर दाखवा, आजच जातो. अख्ख्या नगरात एक तरी लहान घर मोकळं आहे का?"

"आधी निघायची तयारी तर दाखव."

"निघून जाऊ कुठे? तुमच्या कोठारात?"

हशा पिकला. मग राजाचा आवाज आला. राजा तरुण होता आणि त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. "मोजणीदारा, तू घरोघर जाऊन पाहिलंस. खोल्या खरंच रिकाम्या आहेत का?"

मोजणीदाराच्या हातात एक्केचाळीस गाठींची दोरी होती. शेवटची गाठ त्याच्या बोटाखाली होती. त्याच्या अगदी जवळ कोठाराचा मुख्य खाकरला. मोजणीदाराला आपली दोन खोल्यांची जागा आठवली, आणि ती कुणाच्या मर्जीने मिळाली होती तेही आठवलं.

"आहेत, महाराज."

राजाने पुन्हा विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे?"

धुक्यात कुणालाही त्याचा चेहरा दिसला नसता. नुसता आवाज गेला असता.

"नाही, महाराज."

वाटा निम्मा झाला. सुईणीने दोन महिने ओढाताण केली. तिसऱ्या महिन्यात तिने तुळईवरचा दोर सोडला, त्याची गुंडाळी खांद्यावर घेतली आणि ती पहाटेच्या धुक्यात चालू लागली. विणकर माग मोडून गेला. मुलाचं अंथरूण गुंडाळून ठेवणारी म्हातारीही घर सोडून गेली. निम्म्या वाट्यावर ती घरं घेणारं दुसरं कुणी नव्हतं. दाटीत राहणारी आठ माणसं होती तिथेच राहिली, कारण पूर्ण वाटा मिळूनही मोठ्या घराचं भाडं त्यांना जड होतं.

त्या हिवाळ्यात नगरातल्या दोन बायका सुईण शोधत घाटापलीकडे निघाल्या आणि दोघी वाटेतच बाळंत झाल्या. एक मूल जगलं.

राजाने पुन्हा मोजणी करायला सांगितली. मोजणीदार शेवटच्या आळीत शिरला आणि अर्ध्यावरच त्याची दोरी संपली. गाठ मारायला जागा उरली नाही. सुईणीच्या खोलीत धुरीचा वास नव्हता. तुळईवर दोर घासल्याची खूण तेवढी होती.

तो राजाकडे गेला आणि त्याने सगळं सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी सांगायचं होतं, तेच सांगितलं.

राजाने ती गाठींनी भरलेली दोरी हातात घेतली. मग म्हणाला, "मी तुला दोनदा विचारलं होतं."

राजाने जुनी रीत परत सुरू केली. काही घरांत पुन्हा चूल पेटली. विणकर परत आला. सुईण आली नाही. ती दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका गावात राहते, असं येणारे-जाणारे सांगत. मोजणीदार दर वर्षी म्हणे, धुकं सरलं की जाईन, तिच्यासमोर उभा राहीन. पण कुठल्या तोंडाने जायचं, हे त्याला सुचत नसे. मग ती थकली, आणि एक दिवस तीही गेली.

बोध एवढाच, की डोळ्यांनी पाहिलेलं वेळेवर सांगितलं नाही, तर आधी दुसऱ्याचं घर जातं आणि मागाहून आपलंही काहीतरी जातं.

आई त्याला पाहून काय म्हणाली होती, हे मोजणीदाराचं विचारायचं राहून गेलं.