लवंगांचा झेंडा

“तर मग बाबा, हा झेंडा पिराला चादर म्हणून चालेल ना?”

लतीफ हजवानींनी तिसऱ्यांदा विचारलं. दर्ग्याचा फकीर बाबूशा खाडीकडे कान लावून बसला होता.

खाडीवर धुकं असं दाटलं होतं, की गलबतं हवेत तरंगत होती आणि दर्गा पाण्यात. बाबूशाला वय विचारलं तर तो म्हणायचा, मी आलो तेव्हा ही खाडी घागरीत मावत होती, मी डोळ्यांनी पाहिलीय. आता आंधळ्या माणसाशी ह्यावरून वाद कोण घालणार?

“कुठला म्हणालास?”

“झांजिबारचा. बेट स्वतंत्र झालं तेव्हाचा. महिनाभर फडकला. मग बंडाळी झाली, सुलतान गेले, झेंडाही गेला. पण आमच्या कचेरीवर मी चढवला होता, ह्या हातांनी!” हजवानींची छाती फुगली. “पळालो तेव्हा पोटाशी बांधून आणला. अकरा वर्षं पेटीत आहे. देश तर नाही उरला, बाबा... निदान ह्याला मानाची जागा मिळू दे.”

“अर्थ सांग त्याचा.”

“लाल रंग जुना, सुलतानांचा. मध्ये हिरवी चकती, तिच्यात...”

“लाल म्हणजे कसं?”

हजवानींनी झेंडा त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

फकिराने झेंडा मांडीवर ओढला. बोटं चालू लागली, सावकाश, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरावीत तशी.

“हे दोन खिळे कशाला ठोकलेत?”

“खिळे नव्हेत हो! लवंगा. बेट त्यांच्यावरच जगायचं.”

“असतील. एक सरळ आलीय. दुसरी शिवताना बाई हसत होती. टाका नाचलाय.”

हजवानी दचकले.

“...मीच हसवत होतो तिला. सकाळी झेंडा चढवायचा, आणि ही म्हणते कशी, तुमच्या लवंगेला पाय फुटले!”

“ही कोण?”

“हवाबी. माझी बायको.”

“मग तिलाही आण दर्ग्यात.”

धुक्यात कुठेतरी वल्ही वाजली... थांबली.

“ती तिकडेच आहे, बाबा. गलबतात एकाचीच जागा होती. म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. मी बोलावून घेणार होतो... पत्रं येतात तिची. ह्या ईदलाही आलं. उत्तर काय लिहावं, सुचत नाही.”

फकिराने झेंड्याची घडी घातली. चाचपत चाचपत ती हजवानींच्या ओंजळीत ठेवली.

“जा मियाँ. आधी पत्राचं उत्तर लिही. पिराकडे रिकाम्या हातांनी येऊ नये.”