काळी रेघ सोडली नाही

एका गावात एक भोळा दूधवाला होता. नाव धोंडीराम. दुसऱ्या कुणाची अब्रू घालवत नाही, तो मीच.

दुधाच्या किटल्या अडकवून मी सायकल जोरात हाणायचो, म्हणून इनामदार सरांनी मला शर्यतीसाठी धरलं. तालुक्याचा सायकलचा ट्रॅक परातीसारखा, कडा चढत्या. सर तिथं पंधरा वर्षं शिकवत होते, पण त्यांचा एकही पोरगा राज्याच्या संघात गेला नव्हता. हे त्यांचं निवृत्तीचं वर्ष आणि सगळी आशा माझ्यावर. यावरून त्यांची अडचण ओळखा.

शर्यत दोघांची, तीन फेऱ्यांची. पहिल्या दिवशी सर आपल्या जुन्या सायकलवर माझ्याबरोबर उतरले. मी सुटलो तो सुटलोच. सर माझ्या आडोशानं आरामात आले आणि शेवटी पुढं निघून गेले. म्हणाले, "पुढं पळू नकोस. मागं राहा, वारा पुढच्याला खाऊ दे."

सकाळी दूध घालायला निघालो तर पुढं उसाची बैलगाडी. मी मागं राहिलो. गाडी कारखान्यावर गेली, मीही गेलो. दूध नासलं.

सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, कायमचं मागं राहायचं नसतं. वरच्या कडेला चढायचं आणि शेवटी खाली झेप घ्यायची. दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन टेकावर चढलो आणि झेप घेतली. खाली गुरवांच्या घरचा साखरपुडा चालला होता. किटल्यांसकट नवरीच्या मामाच्या मांडीवर पडलो.

"अरे, झेप घेतली की आतली काळी रेघ धरायची," सर म्हणाले. "तीच जवळची वाट. कुणी कितीही ओरडलं तरी सोडायची नाही."

निवडीच्या शर्यतीत नियम एवढाच होता: जिंकणाऱ्यानं पाचच्या आत टेबलाशी येऊन संघाच्या कागदावर सही करायची, नाहीतर जागा दुसऱ्याची.

मिरजेचा फिरोज पुढं, मी मागं. वर चढलो, झेप घेतली, रेघ धरली, जिंकलो. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दिसलं, पण मी रेघेवर होतो.

चौथी फेरी झाली. माइकवरून माझं नाव पुकारलं. दहावी झाली. सर ओरडत होते, "धोंड्या, उतर आता!" मला वाटलं, परीक्षा घेतायत. आजही आठवलं की मान खाली जाते.

पाचला पाच मिनिटं उरली तेव्हा सर स्वतः सायकल घेऊन ट्रॅकवर आले, माझ्या पुढं झाले आणि मागं यायची खूण करून टेबलाजवळच्या फाटकाकडं निघाले. पुढं कुणी आलं की काय करायचं, हे मला पाठ होतं. मी मागं राहिलो, वारा त्यांना खाऊ दिला. फाटक आलं. सर बाहेर वळणार, तोच मी वर चढलो, झेप घेतली आणि फाटक मागं टाकून त्यांना दोन हातांच्या अंतरानं हरवलं.

टेबलाशी पाच वाजले. फिरोजनं सही केली.

मी दोन्ही हात वर करून सरांना विचारलं, "सर, या वेळी काही चुकलं नाही ना?"