पिटकी आणि देवाची सरकी

ऐक हं बाळा. हात मोकळे ठेव, नुसते कान दे.

एक होती उंदरी. एवढीशी. नाव पिटकी.

एक होती कौसामाय, शेतकरीण. तिनं काळ्या रानात सरकी पेरली. सरकी म्हणजे कापसाचं बी. पुढच्या ओळी थोराड कपाशीच्या. शेवटची ओळ देशी कपाशीची. "हिच्या कापसाची वात कार्तिकात देवाला लावीन," असं कौसामाय बोलली होती.

पिटकीला लागली भूक. आली तुरुतुरु. कुरुम कुरुम. शेवटच्या ओळीतली सरकी फस्त.

कौसामाय रागावली नाही. पुन्हा पेरली. पण उशीर झाला.

कार्तिक आला. पुढच्या ओळी पांढऱ्याशुभ्र. शेवटची ओळ हिरवीच. बोंडं घट्ट मिटलेली.

पिटकीला फार लाज वाटली. मान खाली. शेपूट पोटाशी.

गेली बोंडाकडे, तुरुतुरु.

"बोंडा बोंडा, फूट ना. देवाला वात मिळेना."

बोंड म्हणालं, "त्या थोराड ओळींना पाटीभर खत लागतं. मला ओंजळभर पुरे. जास्त नको, नुसती पानंच येतील. पण ओंजळभर तरी मिळू दे. का गं, मला उशिरा का पेरलं?"

पिटकीची मान खाली. शेपूट पोटाशी.

गेली खताकडे, तुरुतुरु. खत मातीवर पडून होतं.

"खता खता, मुळाशी जा. बोंड काही फुटेना, देवाला वात मिळेना."

खत म्हणालं, "माती कडक. गांडूळ उकरेल तर जाईन. का गं, उशिरा का पेरलं?"

पिटकीची मान खाली. शेपूट पोटाशी.

गेली गांडुळाकडे, तुरुतुरु.

"गांडुळा गांडुळा, माती उकर. खत मुळाशी जाईना, बोंड काही फुटेना, देवाला वात मिळेना."

गांडूळ म्हणालं, "माती कोरडी. विहीर पाणी देईल तर उकरीन. का गं, उशिरा का पेरलं?"

पिटकीची मान खाली. शेपूट पोटाशी.

गेली विहिरीकडे, तुरुतुरु.

"विहिरी विहिरी, पाणी दे. गांडूळ माती उकरीना, खत मुळाशी जाईना, बोंड काही फुटेना, देवाला वात मिळेना."

विहीर म्हणाली, "पाणी माझं खोल. कौसामाय पोहरा सोडेल तर देईन."

गेली कौसामायकडे. आता तुरुतुरु नाही. हळू हळू.

"कौसामाय, पोहरा सोड. विहीर पाणी देईना, गांडूळ माती उकरीना, खत मुळाशी जाईना, बोंड काही फुटेना, देवाला वात मिळेना."

कौसामाय खाली बसली. म्हणाली, "सोडते गं. आधी सांग, देवाची सरकी कुणी खाल्ली?"

पिटकीला वाटलं, पळावं. पण ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं.

"मी खाल्ली. भूक लागली होती."

"ठाऊक होतं मला," कौसामाय म्हणाली. "तू सांगशील म्हणून थांबले होते."

मग कौसामायनं पोहरा सोडला, बुडुक्. विहिरीनं पाणी दिलं, झुळझुळ. गांडुळानं माती उकरली, वळवळ. खत मुळाशी गेलं, सरसर. ऊन पडलं, थंडी पडली, ऊन पडलं. आणि बोंड फुटलं, फट्.

पुनवेला देवापुढे दिवा लागला.

कापूस काढून सरकी उरली. कौसामायनं पेरायची बाजूला ठेवली. उरलेली पिटकीपुढे सरकवली. "ही तुझ्या वाट्याची. भूक लागली तर मागत जा, बाई."

पिटकीनं आधी मान वर केली. दिव्याकडे पाहिलं. मग कुरुम कुरुम.

बाळा, तुझी मान वर आहे ना? मग दिव्याला हात जोड, आणि झोप.