पिराजीनं घाट राखला

एका नदीकाठच्या गावात पिराजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे असा, की बायकोनं 'दुधावर नजर ठेवा' म्हटलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत हा नजर काढायचा नाही. भांडं खाली उतरवायला तिनं कुठं सांगितलं होतं?

त्या गावाच्या घाटावर नगरपालिकेनं पुतळे बसवले होते. जाळं फेकणारा कोळी, धुणं आपटणारी बाई, पाण्याकडं निघालेली म्हैस. बघायला परगावची माणसं यायची. पुतळे राखायला मुकादम निवृत्तीअण्णांनी पिराजीला ठेवलं. दगडाच्या माणसांत हा काय गोंधळ घालणार, असं त्यांना वाटलं. अण्णा शहाणे होते, पण शहाण्यांनाही कधी कधी असं वाटतं.

"हे बघ पिराजी," अण्णा म्हणाले, "दसऱ्याला नव्या पुतळ्याचं अनावरण आहे. तवर नीट राहिलास, तर नगराध्यक्ष दादासाहेब भर सभेत तुला कायम करतील."

पिराजीची बायको गजरा हे ऐकून हरखली. आजवर हा कुठल्याच नोकरीत टिकला नव्हता. "अवो, एवढी तरी टिकवा," ती म्हणाली. "लोकांची भांडी घासून माझं हात झिजलं." पिराजीला फार वाईट वाटलं. अण्णांचा एकही शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं.

अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पुतळ्यांना कुणाचा हात लागता कामा नये."

काही दिवसांनी अण्णा येऊन बघतात तर काय, धुणं आपटणारी बाई कबुतरांच्या घाणीनं पांढरीफटक!

"अरे, पुसलं का नाहीस?"

"हात लागता कामा नये म्हणालात की."

अण्णांनी कपाळाला हात लावला. "घाण दिसली की बादल्या ओतायच्या आणि खसाखसा घासायचं! चकचकीत होईतो थांबायचं नाही!"

"बरं अण्णा. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं खरंच ध्यानात ठेवलं. घोटाळा झाला तो त्यामुळंच.

नवा पुतळा होता नावाड्याचा. वसुधाताई नावाच्या शिल्पकार बाई घाटावरच्या मांडवात तो आधी मातीत घडवत होत्या. मग त्यावरून साचा काढून सिमेंटचा पुतळा ओतायचा होता. एका दुपारी ताई जेवायला गेल्या आणि पिराजीनं मांडवात डोकावलं. नावाडी डोक्यापासून पायांपर्यंत चिखलानं बरबटलेला! पिराजीला त्याची दया आली. त्यानं बादली उचलली.

ताई परतल्या, तेव्हा आतल्या तारांचा सांगाडा तेवढा उभा होता. सांगाडा मात्र चकचकीत होता.

"लई मळका होता बाई," पिराजी घाम पुसत म्हणाला. "घासावं तितका मळच निघाला."

ताई मटकन खाली बसल्या. अण्णा गरजले, "गाढवा, मातीची मूर्ती पाण्यापासून जपायची असते! पाण्याजवळ दिसली की आधी उचलून कोरड्या जागी ठेवायची!"

"बरं अण्णा. ध्यानात ठेवतो."

बिचाऱ्या ताईंनी पुन्हा माती कालवली. तोवर गणपती आले, आणि विसर्जनाला सारा गाव घाटावर लोटला. लोक मोरया म्हणत शाडूचे बाप्पा पाण्यात सोडू लागले. पिराजीनं पाहिलं, मातीच्या मूर्ती आणि पाण्यात! त्यानं धोतर खोचलं आणि घेतली उडी. लोक एक सोडत, पिराजी एक काढी. बघता बघता आळीआळीचे बाप्पा पायऱ्यांवर ओळीनं वाळत बसले.

"अरे, आत्ताच तर निरोप दिला त्यांना!" पूजा सांगणारे गुरुजी किंचाळले.

"एकाची सोंड गेली गुरुजी," पिराजी धापा टाकत म्हणाला. "बाकी समदे वाचले."

लोक चिडले. अण्णांनी साऱ्यांची माफी मागून पिराजीला बाजूला ओढलं. "ज्याला टिळा लावला, हार घातला, ओवाळलं, त्याला काठावर ठेवायचं नसतं! मोरया म्हणायचं आणि पाण्यात सोडायचं! आणि सोडलेला पुन्हा बाहेर काढायचा नाही. दुसरं कुणी काढायला आलं, तरी काढू द्यायचं नाही. आता चुकलास तर नोकरी गेलीच समज!"

"बरं अण्णा. ध्यानात ठेवतो."

दसरा उजाडला. नावाडी कापडाखाली तयार उभा होता. गजरा ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. दादासाहेब आले, आपलं भलंमोठं पोट सांभाळत घाटाच्या खालच्या पायरीवर उभे राहिले. गुरुजींनी टिळा लावला. अण्णांनी हार घातला. सुवासिनींनी ओवाळलं. दादासाहेबांनी दोरी ओढताच नावाडी दिसला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. वसुधाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

दादासाहेब माईकवर म्हणाले, "आता मला एका माणसाला कायम करायचं आहे. या घाटाचा राखणदार..."

पिराजीचं तिकडं लक्षच नव्हतं. तो मनाशी म्हणत होता, टिळा झाला. हार झाला. ओवाळून झालं. तरी अजून काठावरच! त्यानं गजराकडं पाहिलं. तिच्यासाठी आज चुकायचं नव्हतं.

"गणपती बाप्पा मोरया!" पिराजी ओरडला, आणि त्यानं दादासाहेबांना कवेत उचलून नदीत सोडलं.

पाणी छातीभरच होतं. दादासाहेब गटांगळी खाऊन उभे राहिले आणि हात हलवू लागले. अण्णा त्यांना काढायला धावले. पिराजीनं दोन्ही हात पसरून वाट अडवली.

"अण्णा, सोडलेला भाईर काढायचा नसतो," तो समजुतीनं म्हणाला. "मला कायम करायचं राहिलं म्हणून जिवाला लावून घेऊ नका. पुढल्या वर्षी येत्यालच की परत!"