हडळीची गोष्ट बंद झाली तेव्हा

कितीतरी पिढ्यांपूर्वी समुद्रकाठी एक कोळीवाडी होती. तिथे संध्याकाळी सगळे जाळी विणायला एकत्र बसत आणि सुकी मासळी विकणारी एक म्हातारी त्यांना हडळीच्या गोष्टी सांगे. ऐकता ऐकता माणसं एकमेकांना चिकटून बसत.

एका वर्षी मोठं वादळ झालं. दूरच्या बंदराला गेलेल्या होड्या वेळेवर परतल्या नाहीत. पाटलाचा थोरला मुलगाही त्यांतच होता.

पाटलाने म्हातारीला बोलावलं. "आजे, लोकांचा जीव आधीच टांगणीला लागलाय. त्यात तुझी हडळ कशाला? काहीतरी गोडगोड सांग."

म्हातारीने राजकन्येच्या लग्नाची गोष्ट सांगितली. लोक हुंकार देत राहिले, पण डोळे समुद्राकडे. गाठी चुकू लागल्या. हळूहळू एकेक जण येईनासा झाला. पाटलाच्या घरीही बोलणं आटलं. मुलाचं नाव ओठांवर येई आणि नवरा-बायको दोघंही गप्प होत.

एके संध्याकाळी वाडीमागून किंकाळी आली. पाटील धावला. पाहतो तर म्हातारीभोवती सगळी वाडी गोळा झालेली, आणि त्यात त्याची बायको!

"मी बंद करायला सांगितलं होतं ना?" तो कडाडला.

"अहो, ओरडू नका," बायको म्हणाली. "हडळ दारापाशी आलीय. बसा आधी."

पाटील बसला. गोष्टीतल्या दाराची कडी वाजली तसा त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याने शेजाऱ्याचा दंड घट्ट धरला. अखेर घरधनिणीने जळतं लाकूड उगारलं, हडळ पळाली, आणि सगळे खो खो हसत सुटले. पाटीलही.

"आजे, घाबरलो, तरी बरं वाटलं. असं कसं गं?"

"पाटला, तुझ्या घरातली भीती कधी सरेल, ते मला ठाऊक नाही. माझी हडळ मात्र दिवेलागणीच्या आत पळते. आणि ती येते तेव्हा शेजारी कुणीतरी असतं."

त्या रात्री नवरा-बायको मुलाविषयी पोटभर बोलले, रडले, आणि मग दोघांनी भाकरी खाल्ली.

पुढे फाटक्या शिडांनी होड्या आल्या, सगळ्यांना सुखरूप घेऊन. वादळातून वाचलेल्या मुलाने जेवून हात धुतले आणि विचारलं, "बाबा, आजी आज हडळीचीच गोष्ट सांगणार ना?"

तात्पर्य : गोष्टीतली भीती सोबतीने येते आणि संपून जाते, म्हणूनच ती माणसाला हवीशी वाटते आणि खरी भीती सोसायचं बळ देते.