वाळवणाची जागा

एकदा एका व्यापाऱ्याला सूर्याचा लोभ जडला. धान्याच्या पेठेत त्याचे दुकान होते, घरावर ऐसपैस गच्ची होती आणि दरमहा येणारे विजेचे बिल त्याला फार खुपे. गच्चीवर सौर पॅनेल बसवली तर अनुदान वजा जाता घातलेला पैसा काही वर्षांत वसूल होतो आणि पुढची वीज जवळजवळ फुकट, हे कळल्यापासून त्याला चैन पडेना. सगळी गच्ची पॅनेलांनी भरायचे त्याने ठरवले. बसवणारा कारागीर म्हणाला, "शेठ, जिन्याच्या खोलीमागची जागा तेवढी सोडू." व्यापाऱ्याला वाटले, कामचुकार दिसतोय लेकाचा.

त्याच जागेवर त्याची थोरली बहीण, कुमुदताई, उन्हाळ्यात वाळवण घालीत असे. नवऱ्यामागे ती माहेरी आली होती. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे करून विकायची आणि त्यावर वर्षभर स्वतःचा खर्च भागवायची.

"मी वाळवण कुठे घालू रे आता?" तिने विचारले.

"कशाला ते कष्ट, ताई? लागेल ते माझ्याकडून मागून घे. मी काय परका आहे?"

"मागायला लागू नये म्हणून तर लाटते," असे म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. व्यापाऱ्याला वाईट वाटले, नाही असे नाही. पण बचतीचा आकडा ताईच्या पापडांहून कितीतरी मोठा होता.

मोठ्या कामाआधी आपल्या वृद्ध गुरुजींचा आशीर्वाद घ्यायचा, ही त्याची रीत. पौषातल्या एका सकाळी गुरुजी आले. त्यांनी गच्चीचा नकाशा पाहिला, कुमुदताईचा उतरलेला चेहराही पाहिला आणि म्हणाले, "कुमुद, वाळवणाचं जुनं लुगडं आण बघू." ते त्यांनी जिन्याच्या खोलीमागे, तिच्या नेहमीच्या जागी अंथरायला लावले. मग शिष्याला म्हणाले, "बस यावर. अंगावर ऊन आलं की ऊठ." स्वतः मात्र खुर्ची ओढून उन्हात बसले आणि निवांत शेंगा सोलू लागले.

व्यापारी चक्रावला, पण गुरूची आज्ञा मोडवेना. दुकानातून निरोप आले, ते त्याने परतवले. बाकीची गच्ची उन्हाने न्हात होती. जिन्याच्या खोलीची आणि तिच्यावरच्या टाकीची सावली मात्र त्याच्यावरून हटेना. गुडघे पोटाशी घेऊन तो कुडकुडत राहिला. दुपार टळली तेव्हा त्याचा संयम सुटला.

"गुरुजी, इथं ऊन येतच नाही हो!"

"मग इथं पॅनेल बसवून कसली वीज काढणार होतास?" गुरुजी म्हणाले. "हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, म्हणून ही जागा सावलीत राहते. इथल्या पॅनेलांना पैसे तेवढेच पडतील आणि ओळीतलं एक झाकोळलं की बाकीच्यांचीही वीज घटेल. जोडीतला एक बैल बसला तर गाडी पुढे जाते का? उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा हीच जागा तापते, आणि कुमुदला ऊन लागतं तेही तेव्हाच. जिथं तुझ्या हावेला तोटा आहे, तिथं तिच्या कष्टाची भाकरी आहे. बाळ, सूर्य सर्वांना पुरतो. पण दुसऱ्याच्या वाट्याचं ऊन ओढून आणलं तर ते आपल्याही घरात उजेड पाडत नाही."

व्यापाऱ्याची मान खाली गेली. पॅनेलांच्या तोट्याचे त्याला फारसे काही वाटले नाही. ताईने विचारले तेव्हा आपण तिला उत्तर न देता उपकार देऊ केले, हे त्याला लागले. त्याने तिला वर बोलावले.

"ताई, तुला किती जागा लागते ते तूच सांग."

ती लुगडे झटकून त्याची घडी घालू लागली. "आहे तेवढी पुरे. नळापर्यंत वाट तेवढी मोकळी ठेव, हात धुवायला बरं पडतं."

पॅनेल कमी झाली, तसा खर्चही उतरला. वैशाखात विजेचे बिल अगदी नाममात्र आले. ते ताईला दाखवायला व्यापारी हर्षाने गच्चीवर धावला.

"अरे, पायाखाली बघ! ओल्या कुरडया आहेत," कुमुदताई वर न पाहताच कडाडली.

तो मुकाट्याने मागे सरला. तिचा तो हक्काचा, दरडावणारा सूर ऐकून त्याला फार बरे वाटले.